टाकीची सावली, सोलरची प्लेट

तुर्भे दोन आहेत आणि मधे ठाण्याची खाडी आहे. पलीकडचे तुर्भे म्हणजे इंग्रजांनी ज्याचे ट्रॉम्बे केले ते. जुन्या मराठी पुस्तकांत अणुशक्तीच्या धड्यात 'तुर्भे' असेच छापलेले असे. ४ ऑगस्ट १९५६ ला 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी तिथे सुरू झाली. त्याच किनाऱ्यावर टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आहे. पावसाळा सरून हवा निवळली की त्याची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. अलीकडचे तुर्भे आमचे, नवी मुंबईतले. मूळ आगरी-कोळ्यांचे गाव, एमआयडीसीचे कारखाने, घाऊक बाजार, डोंगराच्या अंगाला चढलेली वस्ती आणि सिडकोने आखलेले सेक्टर. वीज लांबून तारेवरून येते, एवढेच या गावाला आजवर ठाऊक होते. आता जिन्याच्या भिंतीवर 'सोलर बसवा'ची पत्रके चिकटू लागली आहेत आणि सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न निघतो: प्लेट कोणत्या कंपनीची घ्यायची?

पॅनलला सगळे प्लेटच म्हणतात. या प्लेटेचे कूळ शोधत मागे गेलो, तेव्हा लक्षात आले की कंपनीचा प्रश्न फार उशिरा येतो. त्याच्या आधीचे प्रश्न आपल्या आधीच्या लोकांनी सोडवून ठेवलेले आहेत.

ऊन कामाला लावणे खाडीकाठाला नवे नाही. 'आगरी' हे नावच आगराशी जोडलेले आहे, भाताचे आगर आणि मिठाचे आगर. पाऊस गेला की भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचे, ऊन आणि वारा पाणी उडवून नेत आणि तळाला मीठ धरे. पहिल्या पावसाआधी ते ओढून रास झाकली नाही, तर सहा महिन्यांचे कष्ट पाण्यात. कोळीवाड्यात बोंबील वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या मांडणीवर, चढत, जवळा खळ्यात पसरत. हे उन्हाचे कारखानेच होते. त्यांच्या माणसांना ऊन कुठून येते, किती वाजता झाडाआड जाते आणि वारा कुठला, हे मोजपट्टीशिवाय कळे. सावलीत कोणी वलांडी उभारत नसे.

उन्हापासून यंत्र चालवण्याचा मुंबईतला पहिला मोठा खटाटोप खाडीपलीकडे, कुलाब्याला झाला, आणि तो आपल्याकडे विसरला गेला याचे मला मनापासून वाईट वाटते. विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज अधिकारी १८७० च्या दशकात मुंबईत उपनिबंधक होता. इंग्लंडहून जहाजाने येणारा कोळसा महाग, आणि डोक्यावर आठ महिने रणरणते ऊन, ही विसंगती त्याला छळत होती. फ्रान्समध्ये ऑगस्तँ मूशो याने शंकूच्या आकाराच्या आरशाने वाफ तयार करून दाखवली होती. ॲडम्सला तो आरसा महागडा आणि नाजूक वाटला. त्याने लहान लहान सपाट आरसे घेतले, अर्धवर्तुळाकार चौकटीत जडवले आणि त्या सगळ्यांचा झोत एका बॉयलरवर पाडला. मिडल कुलाब्यातल्या त्याच्या बंगल्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र उन्हावर चालले. दोन आठवडे दिवसभर ते चालू ठेवून त्याने लोकांना बघायला बोलावले. सूर्य सरकेल तशी आरशांची चौकट रुळावरून ढकलायला माणूस ठेवावा लागे.

त्याने उन्हावरची एक चूलही केली. आठ बाजूंचे आरसे आणि मधे भांडे. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या सगळ्यात थंड महिन्यात, सात सैनिकांचे मांस आणि भाज्या तिच्यावर दोन तासांत शिजल्या. १८७८ मध्ये त्याचे पुस्तक मुंबईतच छापले गेले. उष्ण देशांत इंधनाला उन्हाचा पर्याय, असा त्याचा विषय. आज काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणून जी वास्तू आहे, त्या ससून इन्स्टिट्यूटने त्याला सुवर्णपदक दिले. पुढे मात्र काही झाले नाही. कोळसा सुलभ होत गेला, आणि १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू होऊन सह्याद्रीचे पाणी गिरण्या चालवू लागले. ॲडम्सचे यंत्र चालले होते, ऊनही कमी पडले नव्हते. पण आरसे पुसणारा आणि चौकट ढकलणारा माणूस रोज हवा, हे ओझे त्या युक्तीला पेलले नाही. प्लेट घेणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा भेटते.

आज गच्चीवर येते ती प्लेट ॲडम्सच्या घराण्यातली नाही. ती उष्णतेवर चालत नाही, प्रकाशावर चालते, आणि तिचा मूळपुरुष एकोणीस वर्षांचा एक फ्रेंच मुलगा आहे. १८३९ मध्ये एडमंड बेकरेलला दिसले की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज वाहते. १८८३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमचा पातळ थर देऊन पहिले घट केले. पडलेल्या प्रकाशातला जेमतेम शंभरावा हिस्सा त्यांतून वीज होऊन बाहेर येई. २५ एप्रिल १९५४ ला बेल प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा घट जगासमोर ठेवला, कार्यक्षमता सहा टक्के. आजची प्लेट त्याचीच थेट नात आहे; ती वीस-बावीस टक्क्यांवर पोचली आहे.

घट इतके महाग होते की सुरुवातीला ते पृथ्वीवर परवडेनात, आकाशात गेले. आपल्या 'आर्यभट्ट' उपग्रहाच्या सव्वीस बाजूंपैकी वरची आणि खालची सोडून बाकी सगळ्या सौर घटांनी मढवलेल्या होत्या. तो १९ एप्रिल १९७५ ला उडाला. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, साहिबाबादला सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी निघाली. तिने १९७७ मध्ये देशातला पहिला सौर घट आणि १९७८ मध्ये पहिले पॅनल तयार केले. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते उघडले. १९८४ मध्ये पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक सुहास सुखात्मे यांचे सौरऊर्जेवरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक आले. अभियांत्रिकीच्या किती पिढ्या त्यावर शिकल्या! हेच सुखात्मे २००० ते २००५ या काळात अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. पलीकडचे तुर्भे आणि अलीकडचे ऊन, दोन्ही ज्याने मनापासून अभ्यासले असा हा माणूस.

घरांपर्यंत मात्र वीज नाही, आधी उष्णताच आली. ऐंशीच्या दशकात काळ्या पेटीची सूर्यचूल आली, आणि तिच्या मागोमाग सौर बंब. तांब्याचा बंब न्हाणीघरात धुराने काळा झालेला ज्यांनी पाहिला, त्यांना गच्चीवरून येणारे फुकटचे कढत पाणी म्हणजे चैन होती. अनेक महापालिकांनी नव्या इमारतींना सौर बंबाची अट घातली. आमच्याही इमारतीवर तो आहे. पहिली काही वर्षे डिसेंबरात पाणी हाताला चटका देई. मग नळ्यांत क्षार साचला, एका सांध्यातून पाणी झिरपू लागले, बसवणाऱ्याने फोन उचलणे सोडले आणि देखभालीचा ठराव तीन बैठकांत पुढे ढकलला गेला. आज त्यावर कबुतरे बसतात. ॲडम्सची चौकट ढकलणारा माणूस आम्हीही ठेवला नाही, दुसरे काही नाही. म्हणून प्लेट निवडताना माझा पहिला आग्रह असतो: पंचवीस वर्षांची हमी कागदावर वाचण्याआधी विचारा, पाच वर्षे धुणार कोण आणि बिघाड झाला तर वर चढणार कोण. करारात ते नाव आणि ते काम लिहून घ्या.

विजेच्या प्लेटेला खरी वाट २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानाने मिळाली, आणि महाराष्ट्रातल्या घरांना २०१५ मध्ये, जेव्हा राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. दिवसा जास्त झालेली वीज महावितरणच्या तारेत सोडायची आणि बिलात वजावट घ्यायची. म्हणजे बॅटरीचा खर्च टळला. पण यातली एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. अशी बिनबॅटरीची यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगात तुमच्या गच्चीवरची वीज जाऊ नये म्हणून तसे मुद्दाम केलेले असते. भारनियमनाच्या आठवणीने जे सोलर घेतात, त्यांनी बॅटरीचा हिशेब वेगळा करावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरासाठी पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॉटला १८ हजार. अनुदान हवे तर घटांसकट देशात बनलेलीच प्लेट लागते. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट धरावीत, जून ते सप्टेंबर बरीच कमी.

आता तुर्भ्यात ही मोकळी गच्ची कोणाकडे आहे? गावठाणात, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. आज तुमचे घर उंच, उद्या शेजारचे एक मजला चढते आणि दुपारचे ऊन खाते. सोसायट्यांच्या गच्च्यांवर गळतीमुळे पत्र्याची शेड आहे. तिथे शेडच्या सांगाड्याचा गंज आणि ताकद आधी अभियंत्याकडून तपासून घ्यावी. साडेपाचशे वॉटची एक प्लेट साडेसात फूट लांब आणि सत्तावीस-अठ्ठावीस किलोंची असते, आणि जूनचा वारा तिला पतंगासारखा उचलू पाहतो. खाडीची खारी हवा आहे, तेव्हा सांगाड्यावर जस्ताचा जाड मुलामा हवा आणि प्लेट खाऱ्या धुक्याच्या चाचणीत पास झालेली हवी. डोंगराकडच्या खाणींची आणि ट्रकांची धूळ आहे, तेव्हा पाण्याचा नळ गच्चीवर आधी, प्लेट नंतर.

उन्हाबरोबर येणारी उष्णता प्लेटेला मानवत नाही, हेही इथे सांगायला हवे. तिच्यावर छापलेले वॉट प्रयोगशाळेतल्या पंचवीस अंशांवर मोजलेले असतात. मे महिन्यात गच्चीवर घट पासष्ट अंशांपर्यंत तापले आणि दर अंशाला ०.३५ टक्के तूट धरली, तर चौदा टक्के वीज जाते. माहितीपत्रकात हा आकडा जितका लहान तितकी प्लेट आपल्या हवेला चांगली. शिवाय खालून वारा खेळेल इतके अंतर ठेवा. आयआयटी मुंबईच्या सौर विद्युत केंद्राने देशभरच्या प्लेटा तपासल्या, तेव्हा उष्ण प्रदेशातल्या आणि घरांवरच्या लहान यंत्रणांतल्या प्लेटा मोठ्या प्रकल्पांतल्यांपेक्षा लवकर खालावलेल्या आढळल्या.

बाल्कनीचे विचारणारे बरेच आहेत. जर्मनीत बाल्कनीच्या कठड्यावर प्लेट टांगून थेट घराच्या प्लगमध्ये वीज सोडतात. मे २०२४ पासून तिथे ८०० वॉटपर्यंत मुभा आहे. पण जर्मनीतला सूर्य वर्षभर दक्षिणेला कललेला असतो. आपण एकोणीस अंश अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपला दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या उभ्या कठड्यावर त्याचा थेट किरण दुपारी पडतच नाही. इथल्या बाल्कनीत शंभर वॉटची प्लेट, एक बॅटरी, दोन दिवे आणि मोबाइल, एवढीच अपेक्षा ठेवावी. ज्या झोपडीवर मजबूत छत नाही, तिच्यासाठीही हाच मार्ग आहे, आणि तो कमी मोलाचा नाही.

आता टाकीची ती सावली. आमच्या गच्चीवर पाहणी करायला माणूस आला तो मे महिन्यात, दुपारी बाराच्या पुढे. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य माथ्यावर येतो, टाकीची सावली टाकीखालीच राहते. त्याला सगळी गच्ची मोकळी दिसली आणि त्याने टाकीला चिकटून उत्तरेला सहा प्लेटा आखल्या. डिसेंबरात मी वर जाऊन पाहिले. सहा फुटांच्या टाकीची सावली भर दुपारी साडेपाच फूट उत्तरेला गेली होती, आणि सकाळी साडेनऊला वायव्येला अकरा फूट. नेमक्या त्या सहा प्लेटांच्या जागेवर. प्लेटेतले घट एकमेकांत साखळीसारखे गुंफलेले असतात. एका कोपऱ्यावर पडलेली सावली तिचा तिसरा हिस्सा झोपवू शकते, आणि एक प्लेट झोपली की त्या ओळीतल्या बाकीच्यांनाही ती मागे ओढते. वलांडी बांधणाऱ्या बाईने ही चूक केली नसती.

तेव्हा करार मेमध्ये करू नका. २२ डिसेंबरच्या आसपास कोरड्या गच्चीवर खडू घेऊन जा. सकाळी साडेनऊला, दुपारी साडेबाराला आणि साडेतीनला टाकीची, जिन्याच्या खोलीची, कठड्याची आणि शेजारच्या इमारतीची सावली आखा. तीनही वेळच्या रेघांच्या बाहेर जेवढी फरशी उरेल, तेवढीच तुमची सोलरची जागा. तिचा फोटो काढा आणि कंपन्यांचे दर मागवा ते त्यानंतर.