वेबपानावरील चौकटी : सोय आणि गैरसोय

जुनी फारसी वा उर्दू हस्तलिखिते ज्यांनी पाहिली असतील त्यांना पानाची चौकट म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. मध्यभागी मूळ मजकूर म्हणजे मतन, त्याभोवती आखलेल्या रेषा म्हणजे जदवल आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत टीकाटिप्पणी म्हणजे हाशिया. दोन मजकूर एकाच पानावर असूनही एकमेकांत मिसळत नसत.

संगणकाच्या पडद्यावर अशीच गरज १९९५ च्या सुमारास निर्माण झाली. इंटरनेटवरील पाने वाढली, पण एका पानावरून दुसऱ्यावर गेले की अनुक्रमणिका नजरेआड होई. तेव्हा अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने १९९५-९६ मध्ये आपल्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘फ्रेम’ची सोय केली. एक छोटी फाईल पडद्याचे फक्त भाग पाडी. प्रत्येक भागात स्वतंत्र फाईल येई. डावीकडील अनुक्रमणिकेतल्या नावावर टिचकी मारली की उजवीकडचा मजकूर तेवढा बदले, अनुक्रमणिका जागची हलत नसे.

ही सोय लहान नव्हती. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येई आणि एकेक पान उतरण्यास बराच वेळ लागे. अनुक्रमणिका पुन्हा पुन्हा मागवावी लागत नसल्याने वेळ व पैसा दोन्ही वाचत. पाने तयार करणाराचाही फायदा होता. शंभर पानांच्या संस्थळात एक नवे नाव घालावयाचे तर शंभर फायली उघडण्याऐवजी एकच फाईल दुरुस्त केली की काम भागे. हाताशी प्रोग्रॅमर नसलेल्या एखाद्या शिक्षकाला किंवा छोट्या संस्थेला हे केवढे वरदान वाटले असेल!

आता दुसरी बाजू पाहू. भारतात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यातील स्वस्त जोडणी ‘शेल’ची होती. तिच्यावर चित्रे दिसत नसत, फक्त अक्षरे. चौकटींचे पान उघडले की अशा वाचकापुढे मजकुराऐवजी चौकटींची नावे येत, किंवा ‘नवा ब्राउझर घ्या’ एवढे एक वाक्य. म्हणजे खिशात कमी पैसे असलेला विद्यार्थीच दाराबाहेर राहिला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेवर विसंबणाऱ्या अंध वाचकालाही कोणत्या चौकटीत काय आहे, याचा पत्ता लागणे कठीण जाई.

परंतु सर्वांत मोठा दोष पत्त्याचा होता. आतले पान कितीही बदलले तरी वरच्या पट्टीत पत्ता बाहेरच्या चौकटीचाच राही. त्यामुळे ‘हे पान वाच’ म्हणून मित्राला पत्ता पाठवला की त्याच्यापुढे पहिलेच पान उघडे. खूण करून ठेवली तरी तीच गत. शोधयंत्रांनी उलटाच घोटाळा केला. आपल्या औशाच्या भुईकोटाला खंदक आहे, दुहेरी तटबंदी आहे. आत जावयाचे तर दरवाजानेच. शोधयंत्र मात्र वाचकाला तटावरून थेट आतल्या एका खोलीत सोडी. तेथे अनुक्रमणिका नाही, संस्थेचे नाव नाही, परतीची वाट नाही. जुन्या पोथीचे पान सुटे झाले तरी तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असे, त्यावरून त्याची जागा सापडे. या पानांना तेवढाही आधार नव्हता.

डिसेंबर १९९६ मध्ये जेकब नील्सन या तज्ज्ञाने चौकटींवर कडक टीका केली. गंमत अशी की त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १९९७ मध्ये, एचटीएमएल ४.० या प्रमाण आवृत्तीत त्यांना अधिकृत स्थान मिळाले! टीकेने जे झाले नाही ते पुढे गरज संपल्याने झाले. अनुक्रमणिका प्रत्येक पानात आपोआप घालणारे प्रोग्रॅम आले, मांडणीसाठी सीएसएस आले, तारांचा वेग वाढला. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये जुन्या चौकटी कालबाह्य ठरवण्यात आल्या.

तरी एक धाकटे भावंड टिकले. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलेली ‘आयफ्रेम’ ही पानाच्या आत बसवलेली खिडकी. शाळेच्या संस्थळावर नकाशा किंवा यूट्यूबचा व्हिडिओ दिसतो तो बहुधा तिच्यातूनच. बारावीला माहिती तंत्रज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ती अभ्यासालाच आहे.

पालकांनी येथे जरा लक्ष द्यावे. पत्त्याचा जुना दोष या खिडकीतही आहे. वर एका संस्थेचे नाव दिसते, आतला फॉर्म दुसऱ्याच ठिकाणाहून आलेला असू शकतो. २००८ पासून तर अदृश्य चौकट बटणावर पसरून टिचकी चोरण्याचा प्रकारही जगजाहीर आहे. म्हणून आपले पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडू नये अशी सूचना संस्थळाने ब्राउझरला देण्याची सोय झाली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आधारचा किंवा बँक खात्याचा क्रमांक अशा खिडकीत मागितला जात असेल, तर संगणकावर फायरफॉक्स ब्राउझरमध्ये त्या जागी माऊसची उजवी कळ दाबावी. ‘धिस फ्रेम’ असा पर्याय आला तर ती चौकट आहे असे समजावे. त्या पर्यायातून आतले पान वेगळे उघडता येते आणि मग त्याचा खरा पत्ता वरच्या पट्टीत वाचता येतो.