गप्प बसलेल्या माणसांचे चित्रण



आपल्या बॅचच्या ग्रुपवर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. दोन माणसं चार-पाच तास तोंडातून शब्द न काढता बसलेली असतात, त्यात तू दाखवतोस तरी काय? बुद्धिबळाच्या स्पर्धांमागे कॅमेरा घेऊन फिरण्यात माझी वीसेक वर्षे गेली, तेव्हा स्मरणिकेच्या निमित्ताने उत्तर जरा सविस्तर देतो. त्यासाठी आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्मवर्षात, १९७२ मध्ये जावे लागेल.

त्या वर्षी आइसलँडमध्ये, रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांची विश्वविजेतेपदाची लढत झाली. चित्रीकरणाचे हक्क चेस्टर फॉक्स या निर्मात्याने घेतले होते. पहिला डाव फिशर हरला आणि त्याने कॅमेऱ्यांविरुद्ध मोर्चा उघडला. त्यांचा त्रास होतो, ते हलवा! दुसऱ्या डावाला तो आलाच नाही आणि स्पास्कीला गुण बहाल झाला. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत झाला. तो फिशरने जिंकला, आणि स्पास्कीविरुद्ध त्याचा तो आयुष्यातला पहिलाच विजय. पुढे लढत साडेबारा-साडेआठ अशी त्याने खिशात घातली. फॉक्सने नंतर नुकसानभरपाईचा दावा लावला. माझ्या धंद्यातली मंडळी फिशरला लहरी म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. लहरी तो होताच, पण बारीक घरघरसुद्धा विचार करणाऱ्याच्या डोक्यात किती मोठी होते, हे स्पर्धेच्या हॉलमध्ये तासभर उभे राहिल्यावर कळते.

गंमत अशी, की त्याच लढतीने अमेरिकेत बुद्धिबळ दूरचित्रवाणीवर आणले, तेही पटाजवळच्या कॅमेऱ्याशिवाय. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीवर शेल्बी लायमन नावाचा खेळाडू भिंतीवरच्या पटासमोर उभा राही. चाल तारेने आली की घंटी वाजे. दोन घंट्यांच्या मध्ये लायमन आणि त्याचे पाहुणे पुढची चाल काय असेल याचे तर्क लढवत, आणि लोक तासन् तास पाहत. लायमनला उत्तर ठाऊक नव्हते, हेच त्या कार्यक्रमाचे भांडवल होते.

बीबीसीने पुढे ‘द मास्टर गेम’मध्ये निराळी युक्ती केली. डाव संपल्यावर खेळाडूला बसवून, त्या त्या क्षणी मनात काय चालले होते ते जणू आत्ताच घडते आहे असे बोलायला लावले. अजूनही मला ती पद्धत सर्वांत सभ्य वाटते.

आपल्याकडे तेव्हा बुद्धिबळ वर्तमानपत्रातच असे. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या बहिणींची नावे आपल्या आयांनाही माहीत होती. वडील नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक, आणि पुढे जयश्रीताईंनीच ते पत्र हाती घेतले. खेळाडूच संपादक होण्याचे असे उदाहरण दुसरे मला आठवत नाही. आपण दहावीला बसलो त्या १९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. १९९५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर, काचेच्या बंद खोलीत कास्पारोवशी खेळला. नववा डाव आनंदने जिंकला तो आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळला.

२०१३ मध्ये चेन्नईत आनंद विरुद्ध कार्लसन. मी तिथे होतो. दूरदर्शन थेट प्रक्षेपण करत होते, नॉर्वेहून पत्रकारांची फौज आली होती. आनंद पाचवा आणि सहावा डाव लागोपाठ हरला. नियम असा, की हरलेल्यानेही लगेच पत्रकारांसमोर यायचे. एरवी इतका मृदू बोलणारा माणूस त्या दिवशी एका प्रश्नावर चिडला. आम्हा सर्वांना ‘बाइट’ मिळाला, पण तिथे बसलेल्या बऱ्याच जणांनी मान खाली घातली होती.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली कायद्याची. २०१६ मध्ये विश्वविजेतेपदाच्या लढतीतल्या चाली दुसऱ्या संकेतस्थळांनी थेट देऊ नयेत म्हणून आयोजक न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. चाल ही बातमी आहे, ती कोणाच्या मालकीची नसते. मग आयोजकांकडे विकायला उरले काय? चेहरे.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याच्या कडेची ती काळी-पांढरी पट्टी. संगणक कोणाची बाजू किती वरचढ आहे ते तिच्यावर दाखवतो. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये चौदाव्या डावात डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला. पट्टी तत्क्षणी उडाली. घरी चहा पिणाऱ्या माणसाला गुकेशच्या आधी कळले की गुकेश जगज्जेता होणार! मग कॅमेरा गुकेशच्या चेहऱ्यावर गेला, आणि त्यालाही उमगत असताना आपण पाहिले. मान्य करतो, लायमनला असे चित्र कधी मिळाले नसते. २०२५ च्या जुलैत बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून आईला बिलगलेली आपली नागपूरची दिव्या देशमुख तुम्ही सर्वांनी ग्रुपवर पाठवलीत. समोर हम्पी हरली होती. तिचा व्हिडिओ मात्र एकानेही पाठवला नाही, याचे मला बरे वाटले.

मोठ्यांचे ठीक आहे, ते मानधन घेतात. एका वयोगटाच्या स्पर्धेत जिंकत आलेला डाव हरून नऊ वर्षांचा एक मुलगा पटाशीच रडत बसला होता. वाहिनीच्या निर्मात्याने फोनवर सांगितले, जवळून घे, हेच उद्या चालणार. मी कॅमेरा पटाकडे वळवला. पांढऱ्याचा राजा, एक प्यादे, काळ्याचा हत्ती. तेवढेच पाठवले. त्या वाहिनीचा पुढे वर्षभर फोन आला नाही, आणि त्या वर्षी घराचा हप्ता बायकोच्या पगारातून गेला.

संमेलनाच्या दिवशी शाळेतल्या मुलांची स्पर्धा आहे, तिचे चित्रण तूच कर, असा संयोजकांचा निरोप आला आहे. जरूर करीन. पहिली दहा मिनिटे हॉलमध्ये, मग बाहेर. पालकांनीही मोबाइल घेऊन माझ्याबरोबर बाहेरच यावे. चहाची सोय व्हरांड्यात करायला मी सांगितले आहे.