सामाईक खूण आणि तिच्या प्रती : मोजणी-दप्तराच्या इतिहासातील एक प्रश्न

सांगली, मिरज आणि बुधगाव ही तीन गावे कुपवाडपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एकोणिसाव्या शतकात ही तिन्ही गावे राजधान्या होती. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून विभक्त होऊन सांगलीस गेले. पुढे १८२० मध्ये मिरजेचीच वाटणी होऊन थोरली पाती मिरजेस राहिली आणि धाकटी पाती कालांतराने बुधगावी नांदू लागली. राज्ये लहान होती, पण प्रत्येकाचा खजिना निराळा, कारभारी निराळे आणि दप्तरही निराळे. त्यामुळे या मुलुखात शिवेचा दगड ही साधी वस्तू राहिली नाही. ज्या ठिकाणी तीन गावांच्या शिवा मिळतात तेथे दगड एकच असतो, परंतु त्याची खूण तीन गावांच्या नकाशांवर तीनदा उमटते. आणि गावांचे धनी निराळे असले म्हणजे त्या तीन खुणा निरनिराळ्या कचेऱ्यांच्या स्वाधीन असतात. एका नकाशावर खूण हलली आणि उरलेल्या दोहोंवर ती जुन्या जागीच राहिली, तर खरी खूण कोणती मानावयाची, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ संस्थानी मुलुखाचा नव्हे. मुंबई इलाख्यातील जमीन-मोजणीच्या मुळाशीच तो होता. पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल याने १८२७ पासून पुणे प्रांतात केलेली मोजणी लवकरच अविश्वसनीय ठरली आणि तिच्या आधारे बसविलेला सारा रयतेस झेपेना. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात काम नव्याने आरंभिले, व त्या अनुभवातून १८४७ चा संयुक्त अहवाल निघाला. या पद्धतीचे वर्णन करताना साऱ्याच्या दरांचीच चर्चा बहुधा होते. तथापि तिचा अधिक टिकाऊ भाग दुसराच होता. तो म्हणजे सर्व्हे नंबर. एका बैलजोडीस झेपेल एवढ्या क्षेत्रास एक क्रमांक द्यावा, त्याच्या कोपऱ्यांवर दगड रोवावेत, आणि पुढे धनी बदलला, पीक बदलले, सारा बदलला तरी क्रमांक बदलू नये, अशी ती कल्पना होती.

या एका क्रमांकाभोवती कागदांची रांग उभी राहिली. तेहतीस फुटांच्या साखळीने शेतात घेतलेली मापे टिपणात उतरत; टिपणावरून गुणाकार बुकात क्षेत्र निघे; क्षेत्र व आकार आकारबंदात जाई; आणि गावचा नकाशा पुण्याच्या फोटोझिंको छापखान्यात छापला जाऊन त्याच्या प्रती कचेऱ्यांत वाटल्या जात. या सर्व कागदांत जमीन पुन्हापुन्हा लिहिलेली नसे. सर्व कागद एकाच क्रमांकाकडे बोट दाखवीत. क्रमांकाआधी ‘मौजे’ म्हणून गावाचे नाव लिहिण्याची रीतही याच कारणाने आवश्यक होती. प्रत्येक गावात सर्व्हे नंबर १ असतोच. गावाच्या नावावाचून तो निरर्थक होय.

हक्कनोंदणीच्या १९०३ च्या कायद्याने आणि १९१३ च्या दुरुस्तीने या रचनेस दुसरे अंग आले. धनी कोण, हे सातव्या नमुन्यात. पीक कोणते, हे बाराव्यात. आणि हक्कात झालेला प्रत्येक बदल सहाव्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत. येथील एक बारीक तपशील अभ्यासकांच्या दृष्टीतून सहसा निसटतो. सातबाऱ्यावर धन्याच्या नावाशेजारी एका वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि जुन्या धन्याचे नाव खोडून न टाकता त्यास कंस केला जात असे. ते वर्तुळ म्हणजे एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाणारी वाट होय. नाव कोठून आले, कोणत्या खरेदीने वा वारसाने आले, हे तेथून मागे जात शोधता येते. शिवाय नोंद लिहिली की ती अमलात आली, असे होत नाही. हितसंबंधी माणसांस नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेही हीच रीत कायम ठेविली.

परंतु ही वाट नावापुरतीच नीट चालली. नकाशापर्यंत ती पुष्कळदा पोचली नाही. भावाभावांत वाटणी झाली की फेरफार पडे, सातबाऱ्यावर हिस्से लिहिले जात. जागेवर मात्र मोजणी होत नसे. मोजणी झाली तरच फाळणी नकाशा तयार होई आणि कमी-जास्त पत्रक निघून भूमापन कचेरीतील बदल गावदप्तरास कळे. हे पत्रक ज्या प्रकरणी निघाले नाही त्या प्रकरणी सातबाऱ्यावर चार धनी आणि नकाशावर एकच अखंड शेत अशी अवस्था झाली. बांध, विहिरीतील पाळी व वहिवाटीची वाट यांवरून होणाऱ्या दाव्यांपैकी कितीतरी याच फटीतून उगवले आहेत. दोष मोजणीदाराच्या साखळीचा नव्हता. छापील नकाशा ही प्रत होती, आणि प्रतीस मूळ बदलल्याची वार्ता आपोआप लागत नाही.

प्रतीस मुळाची वार्ता आपोआप लागावी, ही कल्पना आराखड्यांच्या जगात १९६३ मध्ये प्रत्यक्षात आली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलँड याने डॉक्टरेटसाठी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली लिहिली. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने तीत आकृती काढता येई. एक आकृती मूळ म्हणून ठेवावी आणि तिच्या शेकडो प्रतिमा हव्या तेथे मांडाव्यात; मूळ बदलताच सर्व प्रतिमा बदलत. षट्कोनांची जाळी काढून मूळ षट्कोनाच्या जागी अर्धवर्तुळाकृती ठेवली, तेव्हा सगळी जाळी माशाच्या खवल्यांसारखी झाली. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडने अशा मूळ चिन्हास ‘ब्लॉक’ म्हटले. पण तो एकाच फाईलपुरता असे. १९९० च्या अकराव्या आवृत्तीत दुसरी फाईल बाहेरून जोडण्याची सोय झाली, आणि अनेक आराखड्यांस एकच मूळ वापरता येऊ लागले.

या सोयीबरोबर मोजणी-दप्तराच्या जुन्या अडचणीही नव्या वेषात आल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. जोडलेल्या फाईलमधील नावांपुढे त्या फाईलचे नाव लागते, ते नेमके ‘मौजे’च्या कारणासाठी. एकाच नावाचे चिन्ह दोन फाईलींत निरनिराळे असेल आणि एक फाईल दुसरीत सरळ घातली, तर यजमान फाईलमधील व्याख्या टिकते व पाहुण्याची निमूटपणे लोपते. मूळ फाईल जागेवरून हलविली की जोडणी तुटते. ती कायमची आत बांधून घेतली तर तुटत नाही, पण मग तीही छापील नकाशासारखी गोठलेली प्रत होते. स्केचपॅडची ऐट अशी की बदल क्षणात सर्वत्र पोचतो. जमिनीच्या दप्तरात मात्र हीच गोष्ट घातक ठरली असती. ज्याचे नाव कंसात जावयाचे त्यास हरकत घेण्याची सवड हवी; फेरफारातील पंधरा दिवस हा दिरंगाईचा भाग नसून न्यायाचा भाग होता. यंत्राच्या आराखड्यातील खिळ्यास हरकत घ्यावयाची नसते, एवढाच काय तो भेद. पण तो मोठा आहे.

कुपवाडच्या परिसरात या सर्व थरांचे एकावर एक लेप बसले आहेत. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली व तीन राजधान्यांची दप्तरे एका शासनाखाली आली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. दरम्यान १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याप्रमाणे ज्या गावांत योजना अमलात आली तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ज्या क्रमांकाने बदलावयाचे नाही असे ठरले होते तोच बदलला, आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा ताळमेळ दाखविणारा तक्ता हा एकच दुवा उरला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. पुढे कुपवाडला औद्योगिक वसाहत उभी राहिली तेव्हा शेताच्या बांधांवर भूखंडांच्या रेषा पडल्या. आणि १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची एक महानगरपालिका झाल्यावर नगररचनेचे नकाशेही त्याच भूमीवर आले. आता फेरफार संगणकावर नोंदविला जातो व २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीने मिळतो. नोटिशीची मुदत मात्र कायम आहे. वसाहतीतील एखाद्या भूखंडाचे मूळ शोधणाऱ्यास प्रथम भूखंड क्रमांक, मग गट असल्यास गट, मग सर्व्हे नंबर, आणि अखेर टिपणातील साखळीची मापे असा उलटा प्रवास करावा लागतो. यांतील एखादा तक्ता हाती लागला नाही, तर जागेवर उरलेल्या बांधाच्या दगडावरच भिस्त ठेवावी लागते. आणि तो दगड वसाहतीच्या रस्त्याखाली गेलेला असण्याचा संभव पुष्कळ असतो.