जर्बिलची शेपटी

जर्बिल हा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळरानातला, उंदरासारखा छोटा प्राणी. १८६६ मध्ये फादर आर्मां दाविद यांनी त्याचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयाला पाठवले. १९३५ मध्ये जपानी संशोधकांनी २० जोड्या पकडून प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांच्या वंशातल्या ११ जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि प्रयोगासाठी नेलेला हा जीव पुढे मुलांचा लाडका झाला.

पण त्याचे शरीर माळरानातलेच राहिले. शेपटी धरून उचलले, तर तिची कातडी सुटून हातात येते. शिकाऱ्याच्या तावडीतून निसटण्याची ही त्याची युक्ती. उघडा पडलेला भाग वाळून गळतो. शेपटी पुन्हा वाढत नाही. अशा वेळी पिंजऱ्यातले फिरते चाक काढावे, स्वच्छ मऊ कागद अंथरावा आणि पशुवैद्यांना दाखवावे. जर्बिलला उचलावे ते दोन्ही हातांच्या ओंजळीत.

प्रयोगशाळेत जखमी जर्बिलची जागा दुसरा घेई. घरी मात्र त्याला नाव असते आणि त्याच्यासाठी रात्री जागणारे कुणीतरी असते. त्याच्या दूरच्या प्रवासात मला हाच टप्पा मोठा वाटतो.