पर्जन्यछाया आणि समाजजीवन (महाराष्ट्र)

पर्जन्यछाया : डोंगररांगेच्या वातविमुख बाजूचा कमी पावसाचा प्रदेश. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पूर्वेस असा पट्टा उत्तर-दक्षिण पसरला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर पाऊस पाडतात. पूर्वेकडे उतरताना तीच हवा तापून कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ९५ किमी.वरील दहिवडीच्या परिसरात तो ५०० मिमी.च्या आसपास असतो.

शेती व वस्ती : कोकणात भात, उतरती छपरे आणि विखुरलेल्या वाड्या, देशावर ज्वारी-बाजरी, धाब्याची घरे आणि एकवटलेले गावठाण, असा भेद दिसतो. काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरल्यावरही रब्बीची शाळू ज्वारी पिकते. खालचा कठीण बेसॉल्ट खडक मात्र पाणी थोडेच साठवतो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात.

प्राचीन पुरावा : पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या पूर्व काळात चौकोनी घरे आणि पुराचे पाणी वळवणारा पाट होता. उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्या आल्या आणि पशुपालनावरचा भर वाढला. उत्खननकर्त्यांनी या बदलाचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला.

जुळवून घेण्याच्या रीती : एकाच अवर्षणाला लोकांनी वेगवेगळी उत्तरे दिली. मेंढपाळ धनगर पावसाळ्यात कोरड्या माळावर राहतात आणि दिवाळीनंतर कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. काही वाडे (धनगरांचे फिरते तळ) घाट उतरून कोकणातही जातात. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धत रुजली. तीत लाभक्षेत्राचे फड (भाग) पाडतात, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे ठरते आणि पाटकरी पाळीने पाणी सोडतो.

निसर्ग व निवड : भूगोल समाजापुढे मर्यादा ठेवतो, त्या मर्यादेत कोणाचे किती भागेल, हे समाजच ठरवतो. १९७२च्या दुष्काळानंतर दोन महत्त्वाची पावले पडली. मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि उसाला मनाई केली. याच पट्ट्यात इतरत्र पाटाच्या पाण्यावर उसाचे मळे व साखर कारखाने वाढले, तर जवळची काही गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत राहिली. त्यामुळे येथील टंचाईचा अभ्यास केवळ पर्जन्यमापकावर थांबू शकत नाही. पाण्याच्या वाटणीचा हिशेबही त्यात धरावा लागतो.