बेत भागानगरचा

नाताळ यंदा गुरुवारी येत आहे. शुक्रवारची एक किरकोळ रजा टाकली आणि शनिवारच्या अर्ध्या शाळेकडे हेडमास्तरांनी काणाडोळा केला, की रविवार धरून चार दिवस पदरात पडतात, हा शोध आमच्या घरात प्रथम लावला तो धाकट्या चिरंजीवांनी. गणितात त्यांची गती बेताची. पण सुट्ट्यांच्या बेरजेत ते कधी चुकत नाहीत. चार दिवस जायचे कोठे, यावर रात्री पानावर बसल्या बसल्या खल झाला. पत्नीने पंढरपूर सुचवले, मी सवयीने पैठण म्हटले, आणि दोन्ही मुलांनी एका सुरात सांगितले, "हैदराबाद!" कारण विचारले, तर इतिहास नाही, भूगोल नाही, एकच शब्द : "बिर्याणी." आमच्या स्वयंपाकघरात तो पदार्थ शिजत नाही; पण थोरला नांदेडला शिकायला राहिल्यापासून घराच्या चुलीवरचा त्याचा विश्वास थोडा उडालाच आहे.

मी शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे मजल गेली नाही. इतिहासाचे जे काही वेड आहे ते कादंबऱ्या लिहिता लिहिता लागलेले. तेव्हा बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले. वहीत चार रकाने पाडून वर हैदराबाद असा शब्द लिहिला मात्र, आणि ओसरीवर वाती वळीत बसलेली आत्या म्हणाली, "तुम्ही जा रे बाबा. मी नाही यायची." आत्याचे वय पंच्याऐंशी, आणि प्रवास म्हटला की ही बाई अजून एका पायावर तयार असते. त्या नकाराकडे पुढे येईन. आधी बेत.

हैदराबादला जायचे म्हणजे परमुलखात जायचे, असे आमच्याकडच्या माणसाला कधी वाटत नाही. आमच्या गावाचे जुने नाव वाढोणा. परमेश्वराच्या देवळामुळे ते पंचक्रोशीत ठाऊक होते. हिमायतनगर हे नाव निजामी अमदानीतले. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान, त्यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह. त्यांच्यावरून ते पडले, असे गावात सांगतात. हैदराबाद शहरातही एक हिमायतनगर आहे, आणि शहराबाहेरचा हिमायतसागर तलावही ह्याच राजपुत्राच्या नावाचा. १९३६ साली इंग्रजांशी झालेल्या कराराने ह्या युवराजाला वऱ्हाडचा राजपुत्र अशी पदवी मिळाली. आणि वऱ्हाड तर १९०२ पासून कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे दिलेले! पैनगंगेच्या अलीकडे गावे नावाची, पलीकडे पदवी नावाची. पुढे १९६७ साली निजाम वारले तेव्हा वारसाही त्याला न मिळता त्याच्या मुलाला मिळाला. नावे ठेवलेली तेवढी टिकली.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आमची राजधानी. माझ्या आजोबांच्या पिढीला मुंबई ऐकून ठाऊक होती, हैदराबाद पाहून. खटल्याचे अपील तिकडे, मोठ्या दुखण्याचा इलाज अफझलगंजच्या दवाखान्यात, आणि कमरेच्या कशात रुपया असायचा तोही हाली शिक्क्याचा; सात हाली मोजावे तेव्हा सहा कलदार हातावर पडत. शिकणारे पोरही तिकडेच जाई. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. त्यामुळे मराठी घरातली मुले तर्कशास्त्र आणि वैद्यक उर्दूतून शिकून येत आणि घरी येऊन ज्ञानेश्वरी वाचीत. १९३८ साली ह्याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूरने आसरा दिला. त्या शहरात मराठी माणसाने आपले असेही काही उभे केले होते : १९०७ सालची विवेकवर्धिनी शाळा, १९२२ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय. पहिल्या दिवशी, गुरुवारी, जमले तर ह्या ग्रंथसंग्रहालयात डोकवायचे, असे मी वहीत लिहिले. मुलांनी त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

शुक्रवारने मात्र मला बराच त्रास दिला. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद, चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद, आणि मक्का मशिदीत जुम्म्याची गर्दी. तेव्हा शुक्रवार गोवळकोंड्याला दिला, नि मग वाटले की हेच बरे झाले. शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर निघाले तेव्हा वाटेत १६७७ साली भागानगरला उतरले होते. चारमिनार बांधून तेव्हा श्याऐंशी वर्षे झाली होती. गादीवर अबुल हसन, इतिहास ज्याला तानाशहा म्हणतो तो; आणि कारभार मादण्णा व आकण्णा ह्या दोघा ब्राह्मण भावांच्या हाती. महाराजांचे मोठे स्वागत झाले, तह ठरला, द्रव्य मिळाले. दहा वर्षांनी, १६८७ साली, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. त्याआधीच त्या दोघा भावांचा खून पडला होता. किल्ल्याच्या प्रवेशद्वारी टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते, हे मुलांना शाळेच्या सहलीवाल्यांकडून ठाऊक आहे. मी त्यांना एवढेच सांगणार आहे, की ह्या वाटेने सह्याद्रीतला एक राजा बरोबरीच्या नात्याने आला होता.

आता मुख्य विषय, म्हणजे खाण्याचा. २०१९ साली युनेस्कोने हैदराबादला खाद्यकलेचे शहर म्हणून आपल्या यादीत घेतले. शहराला ते आधीपासून ठाऊकच होते. असफजाही घराण्याच्या निशाणावर मध्यभागी एक वाटोळे चिन्ह असे. तो चंद्र, असे कोणी म्हणतात. पण लोकांची आवडती कथा अशी, की ती भाकरी आहे. पहिला निजाम दक्षिणेत येत असता औरंगाबादच्या निजामुद्दीन अवलियाने त्याला कुलचे वाढले. त्याने सात खाल्ले. तेव्हा तुझ्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला. कथा खरी की खोटी, देव जाणे. पण ती सांगणाऱ्याला एवढे पक्के ठाऊक होते की राज्य औरंगाबादेस सुरू झाले, आजच्या छत्रपती संभाजीनगरास. राजधानी हैदराबादेस गेली ती १७६३ साली, दुसऱ्या निजामाच्या वेळी. म्हणजे दरबारी चुलीची पहिली राख आमच्या मराठवाड्यातली!

बिर्याणीचे गमक कच्च्या मांसात आहे, असे थोरला मला शिकवतो. मसाला नि दही लावून मुरवलेले कच्चे मांस खाली, अर्धवट शिजलेला तांदूळ वर, झाकण कणकेने लिंपायचे आणि मंद विस्तवावर दम द्यायचा. मांस आणि भात एकाच क्षणी शिजले पाहिजेत. आत डोकावून पाहण्याची सोय नाही. मला स्वतःला तिच्याहून कुतूहल वाटते ते तिच्या शेजारच्या वाटीचे. मिरचीचे सालन आणि बगारे वांगे यांचा रस्सा कशाचा? शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे भाजून वाटायचे आणि चिंचेच्या कोळात उकळायचे. पत्नीला हे वाचून दाखवले तर ती म्हणाली, "मग आपली भरली वांगी वेगळी काय असतात?" खरेच, काय असतात? मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजाबरोबर आलेले, तीळ-चिंच त्याआधीपासून इथे रुळलेली. ते वाटण कुणबिणीच्या पाट्यावरून दरबारात गेले, की दरबारातून पाट्यावर आले, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही. माझे मत पाट्याच्या बाजूने. दालचा, तहारी हे शब्द तर आमच्याकडे लग्नाच्या पंगतीपर्यंत आले आहेत. सुशीला मात्र त्यांच्याकडे गेलेली दिसत नाही. हैदराबादकरांचे दुर्दैव!

चिंचेवरून आठवले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला पूर आला. अंदाजे पंधरा हजार माणसे एका दिवसात गेली. अफझलगंजच्या बागेतल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली, असे सांगतात, आणि ते झाड अजून उस्मानिया दवाखान्याच्या आवारात उभे आहे. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले. त्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली तो हिमायतसागर झाला. शनिवारी संग्रहालयातले घड्याळ आणि बुरख्यातली रिबेका पाहून झाली, की हे झाड पाहायचे आणि मग इराणी चहा नि उस्मानिया बिस्किटे.

बेत इथवर आला, आणि एका दुपारी आत्याने आपण होऊन तोंड उघडले.

१९४८ च्या उन्हाळ्यात, मिरग लागण्यापूर्वी, आमचे घर पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे गेले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. रझाकारांचे दिवस होते. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा आपल्या लातूरचाच वकील. विलीनीकरणाची बाजू मांडणाऱ्या 'इमरोज'च्या संपादकाला, शोएबुल्ला खानला, त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादेत भर रस्त्यात मारले. म्हणजे रझाकारांचा राग केवळ हिंदूंवर होता असेही नाही. १७ सप्टेंबरला राज्य पडले. ह्या दिवशी दर वर्षी शाळेत झेंडा होतो, मी भाषण करतो, आणि भाषण इथे संपते.

आत्याची गोष्ट मात्र इथे सुरू होते. आमच्या शेजारी उर्दू मदरशाचे एक मास्तर राहत. घराची किल्ली आजोबांनी त्यांच्याकडे दिली होती. चार महिने ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत; म्हणून कोणी दाराला हात लावला नाही. दसऱ्याच्या सुमारास आमची माणसे परतली तेव्हा कणग्या जशाच्या तशा होत्या. मास्तरांनी किल्ली आजोबांच्या हातावर ठेवली. त्यानंतर आठवड्याच्या आत एका रात्री जमाव आला, आणि तो आमच्या दाराशी नाही, त्यांच्या दाराशी आला. "अण्णांनी माईला कडी लावायला सांगितली," आत्या म्हणाली. "मी आठ वर्षांची. फटीतून दिसत होतं. माणसं सगळी ओळखीची होती." कोणी मेले नाही, घर जळाले. उजाडण्यापूर्वी मास्तर बायकोमुलांना बैलगाडीत घालून गेले. त्यांची मुलगी आत्याच्या बरोबरीची होती.

पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस राज्यात फिरून जो अहवाल दिला, त्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे, आणि सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचे नाव आहे. अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला. माझ्या १७ सप्टेंबरच्या भाषणात तो कधी आला नाही. आमच्या घरातली कडीही आली नाही, कारण ती मला ठाऊकच नव्हती. आजोबा स्वातंत्र्यसैनिक म्हणून गावात मान मिळवून गेले. तो मान खोटा होता असे मी म्हणणार नाही. नदी त्यांनी ओलांडली होतीच.

पुढे काही वर्षांनी एक टपालाचे पार्सल आले. पाठवणाऱ्याचा पत्ता हिमायतनगर, घेणाऱ्याचाही हिमायतनगर. त्यामुळे ते दोन-तीनदा उलटसुलट फिरून आले होते. आत पत्र्याच्या डब्यात खुबानी, म्हणजे सुके जर्दाळू, चिठ्ठी नाही. आजोबांनी डबा देवळीत ठेवला आणि उत्तर लिहिले नाही. आत्याने ती खुबानी एकेक करून खाल्ली, बिया फोडून आतला बदामासारखा गर खाल्ला, आणि डबा ठेवला. वाती ती त्याच डब्यात ठेवते. मी तो जन्मभर पाहिला आहे.

"मग चल की आत्या," मी म्हटले. "आता कोण असणार तिथं?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि वाती वळू लागली.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. म्हणजे हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास. चार तिकिटे की पाच, हे मी पत्नीला दोनदा विचारले. तिने दोन्ही वेळा ओसरीकडे पाहिले. काल वही उघडली तर रविवारच्या रकान्यात, जिथे मी 'परत' एवढेच लिहून ठेवले होते, त्याच्या वर धाकट्याच्या वाकड्या अक्षरात एक ओळ होती : सकाळी हिमायतनगर. विचारले तर म्हणाला, आत्याआजीने लिहायला सांगितले. आणि आणखी विचारले होते की खुबानी कोणत्या बाजारात मिळते, आणि ती आपण तिकडे नेलेली चालेल का.