क्लचचे दोन आजार आणि मुलतानी माती

गॅरेजवाला म्हणतो, "क्लच प्लेट गेली," आणि आपला हात आपोआप खिशाकडे जातो. प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे मजुरीच दणदणीत. पण प्लेट खरंच गेलीय का, हे बघायचं कसं? मी सॉफ्टवेअरवाला आहे, मेकॅनिक नाही. पण आमच्याकडेही आधी लक्षण बघतात, मग कोडला हात लावतात. क्लचचं तसंच आहे. आणि त्याची लक्षणं समजून घ्यायला त्याच्या इतिहासासारखी सोपी वाट नाही.

मुळात क्लच लागलाच कशाला? वाफेचं इंजिन थांबलेल्या अवस्थेतूनही गाडी ओढू शकतं. पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही, ते फिरतच राहावं लागतं. मग सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आणि चाकं यांची फारकत करायची कशी? कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत चामड्याचा पट्टा होता. लिव्हर ओढला की तो मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकायचा आणि गाडी निघायची. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, ती अशाच गाडीतून.

पुढे आला कोन क्लच. फ्लायव्हीलमध्ये नरसाळ्यासारखा खोलगट भाग, आणि त्यात स्प्रिंगच्या जोराने घट्ट बसणारा, चामडं लावलेला शंकू. पेडल दाबलं की शंकू बाहेर. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्येही असाच क्लच होता, म्हणजे आपल्याकडच्या राजेमहाराजांच्या ड्रायव्हरांनीही तो सांभाळलाय.

आता गंमत ऐका. चामडं सुकून कडक झालं की क्लच एकदम धरायचा, गाडी हिसका देऊन उडायची. त्यावर औषध काय? चामड्याला एरंडेल तेल चोळायचं! उलट इंजिनाचं तेल चामड्यावर उतरलं की क्लच घसरायचा. मग त्यावर तेल शोषणारी माती भुरभुरायची. इंग्रज तिला 'फुलर्स अर्थ' म्हणायचे. आपण तिला मुलतानी माती म्हणतो. हो, तीच, चेहऱ्याला लावायची!

चामडं जास्त उष्णता सोसत नाही. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी चांगलं घर्षण देणारं मटेरियल बनवायला सुरुवात केली. स्वतःच्या आडनावातली अक्षरं फिरवून, एक जास्तीचं घालून त्याच्या कंपनीचं नाव पडलं 'फेरोडो'. पुढे या धंद्यात अ‍ॅस्बेस्टॉस आलं. ते जळत नाही, टिकतं, स्वस्त पडतं. किंमत मोजली ती बनवणाऱ्या कामगारांनी आणि मेकॅनिकांनी, फुफ्फुसांनी. ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली ती थेट १९९९ मध्ये. म्हणून जुन्या गाडीचा क्लच उघडला असेल, तर ती धूळ हवेने कधीच उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

शंकू गेला, सपाट प्लेट आली. आजार मात्र तेच दोन राहिले: क्लच धरत नाही, किंवा सोडत नाही.

धरत नाही, म्हणजे घाटात वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढतो, वेग चढत नाही, आणि जळका वास येतो. तपासायचं असेल तर मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, पुढे कुणी नाही ना बघा, तिसरा गिअर टाका, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं, तर प्लेट धरतेय. चालूच राहिलं, तर घसरतेय. हे एकदाच करा, पुन्हापुन्हा केलंत तर चांगली प्लेटही जळेल. आणि घसरतेय म्हटल्यावरही आधी क्लच वायर बघा. ती फार ताणलेली असेल, तर पेडल कायम थोडं दाबल्यासारखंच राहतं. कधी कधी नुसतं अ‍ॅडजस्टमेंट पुरतं.

सोडत नाही, म्हणजे क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना 'कर्रर्र'. इथे प्लेटवर लगेच आळ घेऊ नका. वायरची गाडी असेल तर वायर सैल झालीय का बघा. हायड्रॉलिक असेल तर ऑइल कमी आहे का, कुठे गळतंय का, लाइनमध्ये हवा शिरलीय का, ते बघा. बऱ्याच गाड्यांत हे गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतं. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्या.

शंभर वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर एरंडेल आणि माती जवळ ठेवून क्लच स्वतः सांभाळायचा. आपला क्लच बंद डब्यात आहे, तिथे आपला हात पोचत नाही. पण गॅरेजमध्ये शिरताना "क्लच गेलाय" एवढंच न सांगता "धरत नाही" की "सोडत नाही" हे सांगा. समोरच्याला कळतं की गिऱ्हाइकाने लक्षण बघितलंय. आणि ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, पेडलवरून पाय काढा. भेटू पुढच्या भागात!